लहान विमानांच्या वैमानिकांतील दिशाभ्रम : कारणमीमांसा व उपाय

लहान विमानाच्या अपघातामागे यंत्रातील बिघाडच असतो, हा समज सर्वस्वी खरा नाही. दि. १६ जुलै १९९९ रोजी रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर चालवीत असलेले पायपर साराटोगा विमान अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटानजीक समुद्रात कोसळले. तिघे मृत्युमुखी पडले. दिशाभ्रमामुळे वैमानिकाचे नियंत्रण सुटले आणि काळोख व धुरकट हवेने त्यास हातभार लावला, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता केनेडी यांनी मिळविलेली नव्हती.

दिशाभ्रमाचे मूळ अंतर्कर्णात आहे. तेथील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव वळणाच्या गतीतील बदल तेवढाच टिपतो. वळण एकाच गतीने काही सेकंद चालू राहिले की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळण्याची जाणीवच नाहीशी होते. क्षितिज दिसत असेपर्यंत डोळे ही चूक सुधारतात. ढगात किंवा समुद्रावरील अंधारात तो आधार उरत नाही. कललेले विमान खाली जाऊ लागते, वेग वाढतो. वैमानिक पंख समतल न करताच नाक वर ओढतो. परिणामी वळण अधिकच आवळले जाते.

इलिनॉय विद्यापीठातील १९५४ च्या प्रयोगात उपकरण-उड्डाणाचा अनुभव नसलेल्या २० जणांचे नियंत्रण सरासरी १७८ सेकंदांत सुटले. हा आकडा वारंवार सांगितला जातो; प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र दुर्लक्षित राहतो. थोड्या प्रशिक्षणानंतर हेच वैमानिक उपकरणांकडे पाहून १८० अंशांत सुखरूप मागे वळू शकले. सेकंदाला ३ अंश या गतीने हे वळण एका मिनिटात पूर्ण होते.