सातासमुद्रापारचे सासर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वैनगंगेच्या काठच्या ज्या गावांतून एके काळी लेक नदीपलीकडे दिली तरी आईचा जीव पावसाळाभर टांगणीला लागत असे, त्याच गावांतल्या मुली आज शिक्षणाच्या आणि नोकरीच्या निमित्ताने युरोपात जाऊन राहू लागल्या आहेत. आणि त्यांपैकी एखादीने, आपण एका स्पॅनिश नागरिकाशी विवाह करण्याचे ठरविले आहे असे घरी कळविले, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या त्या घरात मुलगा कसा आहे, याआधी ‘आता हिचे काय काय जाईल?’ हा प्रश्न निघतो. तिचा धर्म जाईल, नाव जाईल, देश जाईल, धानाच्या बांध्यांतला वाटा जाईल, असे एक नातेवाईक सांगतो. तर दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो की, लग्न लागताच ती स्पेनची नागरिक होईल आणि पुढचे सारे आपसूक जमून येईल. या दोन्ही मतांनी घरेच्या घरे निष्कारण भयभीत झालेली अथवा निष्कारण गाफील राहिलेली आहेत. खरे पाहता अशा विवाहाने आपोआप काही जात नाही आणि आपोआप काही मिळतही नाही. जे जाते ते स्वतःच्या सहीने जाते, आणि जे मिळते ते दाखले, अर्ज व मुदती यांच्या वाटेनेच मिळते.

नागरिकत्वाविषयीचा समज सर्वांत दृढमूल, म्हणून प्रथम तोच घेऊ. स्पेनच्या दिवाणी संहितेच्या 22 व्या कलमान्वये परकीयास सामान्यतः दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी दरखास्त करता येते. स्पॅनिश नागरिकाच्या पतीस वा पत्नीस ही मुदत एक वर्षाची होते. विवाहाने मिळते ती एवढीच सवलत. ते वर्ष सलग आणि अर्जाच्या लगतपूर्वीचे असावे लागते, विवाहालाही वर्ष लोटलेले असावे लागते, आणि त्यानंतर स्पॅनिश भाषेची एक व तेथील संविधान आणि समाजजीवन यांची दुसरी, अशा दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दुसऱ्या परीक्षेत 25 प्रश्नांपैकी 15 बरोबर यावे लागतात. ती अवघड नाही, परंतु ती स्पॅनिशमध्ये असते. अखेरीस राजाशी निष्ठेची आणि संविधानाच्या पालनाची शपथ घेताना आधीच्या नागरिकत्वाचा त्याग केल्याचे जाहीर करावे लागते. लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांच्या नागरिकांना या त्यागातून सूट आहे, भारतीयांना नाही.

आपल्या बाजूने पाहिले तर आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम असे सांगते की, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परकीयाशी विवाह केल्याने ते संपते, असे त्यात कोठेही नाही. म्हणून भंडाऱ्याची कन्या माद्रिदला वीस वर्षे संसार करूनही भारतीय पासपोर्टवर भारतीयच राहू शकते; स्पॅनिश नागरिकाची पत्नी या नात्याने मिळणारा पाच वर्षांचा निवास परवाना तिला राहण्याची आणि नोकरी-व्यवसाय करण्याची मुभा देतोच. नागरिकत्व बदलावे की बदलू नये, हा निर्णय माझ्या मते पहिल्या दोन-तीन वर्षांत घेऊच नये. परक्या भूमीतील पहिला उत्साह आणि पहिला विषाद हे दोन्ही वाईट सल्लागार होत. जावयाविषयीही लोक असेच समजतात की, त्याला आता भारत मोकळा झाला. तोही गैरसमजच आहे. नोंदलेल्या विवाहाला सलग दोन वर्षे झाल्यावर त्याला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या कार्डासाठी अर्ज करता येतो, तोपर्यंत व्हिसा. आणि ते कार्ड हाती आले तरी मतदानाचा किंवा शेतजमीन खरेदी करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

आता विवाहाच्या विधीकडे वळू. ‘दारी मांडव घातला, अंतरपाट धरला, मंगलाष्टके झाली की लग्न झाले’ ही आपली पिढीजात श्रद्धा. आणि ती सुंदर आहे. परंतु 1955 चा हिंदू विवाह कायदा उभय पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो, आणि वर ख्रिस्ती अथवा कोणताच धर्म न मानणारा असेल, तर केवळ त्या मंगलाष्टकांवर परदेशी दप्तरात काही सिद्ध करता येत नाही. यावर धर्मांतर हा उपाय नव्हे. कोणी तसे सुचविले तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. उपाय आहे तो 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. ज्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, त्याच वर्षी तो संमत झाला, आणि जातिधर्माच्या भिंतींपलीकडे पाहणारा हा कायदा आजही आपल्या जिल्ह्यात पुरेसा परिचित नसावा, याची मला खंत वाटते.

या कायद्याखाली नोंदणी व मुद्रांक विभागाच्या अखत्यारीतील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांनीही तीस दिवस भंडाऱ्यात राहिले पाहिजे, असे सांगून वराला विनाकारण सुट्टी काढावयास लावणारे अनेक सल्लागार भेटतात. कायदा म्हणतो की, उभयतांपैकी किमान एकाचे नोटिशीपूर्वी लगत तीस दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे. नोटीस कार्यालयात लावली जाते, हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमक्ष विवाह व्हावा लागतो; तो न झाल्यास सारे पुन्हा आरंभापासून. व्हिशाच्या तारखा, मुहूर्त आणि ही मुदत यांचा मेळ आधी कागदावर घालावा आणि मगच पत्रिका छापाव्यात. विवाह अधिकाऱ्याचा दाखला हाती आल्यावर तो मुंबईतील स्पेनच्या वकिलातीमार्फत त्यांच्या नागरी नोंदवहीत चढवून घ्यावा लागतो. विवाह स्पेनमध्ये करावयाचा असेल तरीही चर्चची सक्ती नाही. 1978 च्या त्यांच्या संविधानानुसार राज्याला स्वतःचा धर्म नाही आणि नागरी विवाह तेथे सर्रास होतात. वराच्या आईच्या समाधानासाठी चर्चमध्ये विवाह करावयाचा झालाच, तर बाप्तिस्मा न झालेल्या वधूसाठी बिशपची विशेष अनुमती मागता येते; वधूला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

शेतीच्या वाट्याचा प्रश्न मात्र आपल्या भागात हळुवारपणे, तरीही स्पष्ट बोलला पाहिजे, कारण येथेच अर्धवट कायद्याचा दुरुपयोग होतो. विशेष विवाह कायद्याच्या 19 व्या कलमान्वये एकत्र कुटुंबातील हिंदू व्यक्तीने परधर्मीयाशी या कायद्याखाली विवाह केल्यास ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली, असे समजले जाते. हे वाक्य वाचून दाखवून ‘आता सातबाऱ्यावरून तुझे नाव कमी झाले’ असे बहिणीला सांगणारे भाऊ त्यापुढचे 20 वे कलम वाचीत नाहीत, ज्यात तिचे वारसाहक्क अबाधित ठेवलेले आहेत. विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे. उलट विभक्त होणाऱ्याचा हिस्सा ठरतो. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलेला आहे, आणि वर स्पॅनिश आहे म्हणून तो उणावत नाही. तिच्या स्वतःच्या पश्चात तिच्या मिळकतीची वाटणी मात्र हिंदू वारसा कायद्याने न होता 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने होते, एवढा फरक ध्यानात ठेवून तिने मृत्युपत्र करून ठेवणे शहाणपणाचे.

नावासंबंधीची भीती तर अगदीच निराधार आहे. मालागाच्या नर्तिका अनिता देल्गादो 1908 साली कपूरथळ्याचे महाराज जगतजितसिंह यांच्या राणी झाल्या तेव्हा त्यांना प्रेमकौर हे नवे नाव मिळाले. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र विवाहाने स्त्रीचे आडनाव बदलतच नाही. तेथे प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक पित्याकडचे आणि एक मातेकडचे, आणि ती दोन्ही मरेपर्यंत राहतात. अडचण येते ती आपल्या मधल्या नावाने. वडिलांचे नाव मध्ये घालण्याची आपली रीत तेथील कारकुनास ठाऊक नसते. तो त्या नावाला कधी दुसरे नाव समजतो, कधी पहिले आडनाव. म्हणून पासपोर्ट, जन्मदाखला, पदवी आणि विवाहाचा दाखला या चारही कागदांवर नाव अक्षरशः एकच असावे.

विवाहापूर्वी स्पॅनिश अधिकारी वधूवरांची स्वतंत्र मुलाखत घेतात. कोठे भेटलात, एकमेकांच्या घरी कोण कोण आहे, कोणत्या भाषेत बोलता, असे प्रश्न विचारतात. काही मुलींना आणि त्यांच्या वडिलांना हा अपमान वाटतो. परवान्यासाठी केलेले खोटे विवाह शोधण्याकरिता हा जाबसाल सर्व परकीयांचा होतो. खरे बोलणाऱ्याने त्याला भिण्याचे कारण नाही.

कागदांचा हा प्रवास संपला म्हणजे संसाराचा सुरू होतो, आणि तेथे गैरसमज अधिक सूक्ष्म असतात. युरोप म्हणजे इंग्रजी, असे समजून गेलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात कळते की, भाजीवाली, डॉक्टर आणि सासूबाई यांच्यापैकी कोणाशीच इंग्रजीत भागत नाही. आणि सासर बार्सिलोनाच्या बाजूस असेल तर स्पॅनिशच्या जोडीला कातालानही कानावर पडते. पदवी असली तरी परिचारिकेचा अथवा वैद्याचा व्यवसाय करण्यापूर्वी ती पदवी तेथे मान्य करून घ्यावी लागते, आणि त्यात काळ जातो. स्पेन म्हणजे बैलांची झुंज आणि फ्लामेंको, हेही झाडीपट्टीच्या माणसाला ‘तुमच्याकडे सगळे लावणीच पाहतात ना?’ असे विचारण्यासारखे आहे. फ्लामेंको दक्षिणेकडील आंदालुसियाचा, आणि कानारी बेटांनी तर 1991 सालीच बैलझुंज बंद केली. दुपारी दुकाने मिटतात ती आळसाने नव्हे. मे महिन्यात भंडाऱ्याच्या बाजारपेठेत दुपारी दोन वाजता जो उभा राहिला आहे, त्याला ही रीत समजावून सांगावी लागू नये. जेवण मात्र दुपारी दोन-तीनला आणि रात्री नऊ-दहाला, याची सवय करावी लागते. शाकाहारी मुलीने हेही ध्यानात ठेवावे की, ‘बेखेताल’ म्हणून मिळणाऱ्या पावात बहुधा मासा असतो. तेव्हा नाव न वाचता आत काय आहे ते विचारावे.

सासूसासऱ्यांना सून तेथे नावाने हाक मारते, ‘तू’ म्हणते, आणि भेटताना गालाला गाल लावते. आपल्या आईवडिलांनी हे पाहून मुलगी उर्मट झाली असे समजू नये. तेथे दुरावा दाखविण्यासाठीच पुष्कळदा ‘आपण’ वापरतात. उलट जावयाला येथे आल्यावर वाकून नमस्कार का करावयाचा, हे कोणीतरी आधी प्रेमाने सांगितले पाहिजे.

आणि परकेपणा वाटतो तितका खोल नाही. धानाच्या जिल्ह्यातली मुलगी व्हॅलेन्सियाजवळ गेली तर तिला भाताची खाचरे दिसतील, आणि जगभर गाजलेला तेथील पायेया हा भाताचाच प्रकार आहे. तांदूळ त्या भूमीत अरबांनी नेला, आणि त्यांच्याबरोबर गेलेले कितीतरी शब्द आपल्या ओळखीचे आहेत : नारिंगाला ते ‘नारांखा’ म्हणतात, साखरेला ‘आथुकार’, नगराध्यक्षाला ‘अल्काल्दे’, ज्यात आपला काझी आहे, आणि जकातीच्या कचेरीला ‘आदुआना’, ज्यात आपला दिवाण आहे.

शेवटी एक विनंती. या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक काळ खाणारा कागद म्हणजे जन्माचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. जन्मदाखल्यावर राज्य शासनाचे प्रमाणीकरण, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल मोहोर, आणि मग स्पेनने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, इतके सोपस्कार व्हावे लागतात. जन्माची नोंदच झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो. म्हणून ज्या घरी असा विवाह ठरत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मांडवाची तजवीज नंतर करावी. आधी ग्रामपंचायतीत आणि, नोंद जुनी असल्यास, तहसील कचेरीतील कोतवाल बुकात लेकीचे नाव, तारीख आणि आईवडिलांची नावे बरोबर लिहिली आहेत की नाहीत, हे स्वतः जाऊन पाहून यावे.