बर्फावांचून टिकणारी लस

बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पडल्याच्या गोष्टी आमच्या वाचकांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील. डॉ. वॉल्टर प्लॉराइट यांनीं केनियांत 1960 च्या सुमारास सिद्ध केलेली या रोगावरील लस उत्तम होती. परंतु गारवा सुटतांच तिचें सत्त्व जाई, व दूरच्या रानांतील कळप टोचणीवांचून राहत. 1990 च्या सुमारास डॉ. जेफ्री मॅरिनर यांनीं लस सुकविण्याची रीत सुधारून तिच्यांतील ओलावा आणखी घटविला. अशी कोरडी लस गारव्यावांचूनही सुमारें महिनाभर टिकूं लागली. मग इथिओपिया व दक्षिण सुदान येथील पशुपालकांतीलच निवडक माणसें टोचणी शिकलीं व ती लस घेऊन पायीं कळपांपर्यंत पोंचलीं. 2011 सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

लाळ-खुरकतीच्या लसीस मात्र आजही 2 ते 8 अंशांचा गारवा अवश्य आहे. ती गोठली तरीही बिघडते. म्हणून टोचणीपूर्वीं लस बर्फाच्या पेटींतून आणली आहे कीं नाहीं, हें शेतकऱ्यांनीं निःसंकोचपणें विचारावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. निःसत्त्व लस रोग टाळीत नाहीं. खोटा भरंवसा मात्र देते.