आधी विश्वस्त, मग ट्रस्ट

मंगरूळपीरमध्ये दस्तलेखकाच्या टेबलाशी बसलं की खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र हेच शब्द कानावर पडतात. ट्रस्ट म्हटलं की इथल्या माणसाला बिरबलनाथ महाराजांचं मंदिर, हयात कलंदरांचा दर्गा, नाहीतर शाळा चालवणारी एखादी संस्था आठवते. घरच्या मालमत्तेचाही ट्रस्ट होतो, हे सांगितलं तर तो मोठ्या लोकांचा उद्योग वाटतो.

एके दिवशी एका वकिलांसमोर एक वयस्क जोडपं बसलं होतं. सोयाबीन-तुरीचं थोडं शेत, गावात घर, बँकेत मुदतठेव. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. धाकटा तिशीचा, बौद्धिक दिव्यांग. आई एकच विचारत होती, "माह्या मांगं याले कोण पाहीन?"

वकिलांनी सातबारा बाजूला सरकवला आणि आधी माणसांची नावं मागितली. हिशेब कोण ठेवेल? तो नाही म्हणाला तर दुसरा कोण? मला ही पद्धत पटली. ट्रस्टचा प्रकार करावरून ठरवणारे पुष्कळ भेटतात, पण कागद कितीही पक्का केला तरी तो शेवटी विश्वस्ताच्या हातून चालतो.

मग प्रकारांची चाळणी सुरू झाली. सार्वजनिक ट्रस्ट लगेच बाद: तो समाजासाठी, 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचा. वक्फाचे नियम निराळे; वंशजांसाठीच्या वक्फाला 1913 च्या कायद्याने मान्यता दिली, पण या घराचा त्याच्याशी संबंध नव्हता. उरला 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्याखालचा खाजगी ट्रस्ट.

त्यातही पुन्हा फाटे. रद्द करता येणारा ट्रस्ट केला तर मालकाचा हात सुटत नाही, पण उत्पन्न त्याच्याच नावे धरून कर लागतो. रद्द न होणारा केला तर दिलेलं परत येत नाही. म्हाताऱ्यानं इथं मान हलवली. जिवंतपणी घर हातचं जाणं त्याला पचणारं नव्हतं. लाभार्थ्यांचे वाटे आधीच ठरवले तर विश्वस्ताचे हात बांधले जातात. कुणाला किती हे विश्वस्तावर सोडलं तर एरवी कर सर्वात वरच्या दरानं बसतो; मृत्युपत्रातून केलेला एकमेव ट्रस्ट मात्र त्यातून सुटतो. दस्तानं ट्रस्ट करून त्यात घर-जमीन घालायची तर दस्त नोंदवावाच लागतो. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरी नोंदवलेलं बरं.

शेताचा प्रश्न सगळ्यात किचकट. विदर्भाचा 1958 चा कूळकायदा बिगरशेतकऱ्याकडे जमीन जाण्यावर बंधन घालतो, त्यामुळे विश्वस्त शेतकरी आहे का, हे आधी पाहावं लागतं. वडिलोपार्जित जमीन असेल तर मुलांचा, आणि 2005 नंतर मुलींचाही, हिस्सा काढल्याशिवाय ती ट्रस्टमध्ये घालता येत नाही. वकिलांनी शेत बाहेरच ठेवलं. घर आणि ठेव मृत्युपत्रातून धाकट्यासाठीच्या ट्रस्टमध्ये. विश्वस्त थोरला भाऊ आणि मामेभाऊ, दोघंही. एकट्याच्या सहीनं पैसे निघणार नाहीत. पालकत्वासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज वेगळा करायचा, कारण मुलगा कायद्यानं सज्ञान असला तरी त्याच्या वतीनं सही करणारा कुणीतरी लागेल.

मामेभावानं विचारलं, याचे पैसे मिळतात का? दस्तात तसं लिहिलं नसेल तर विश्वस्ताला मोबदल्याचा हक्क नसतो. वकिलांनी थोडा मोबदला लिहायला सुचवलं. मला तेही बरोबर वाटलं. फुकटचा हिशेब दोन वर्षांत ढिला पडतो.

बहुतेक शेतकरी घरांना साधं, नोंदवलेलं मृत्युपत्र पुरेसं आहे. घरात स्वतःचा व्यवहार न सांभाळता येणारं कुणी असेल, तर मात्र ट्रस्टचा विचार करा. आणि ज्याला विश्वस्त नेमायचं, त्याला मसुदा वाचायला देऊन त्याचा होकार आधी घ्या.