‘परवानगी नाहीं’ असें संगणक म्हणतो तेव्हां



एकाच छपराखालीं नांदणाऱ्या दोन संगणकांनीं एकमेकांस ओळख देऊं नये, हा प्रसंग आतां पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. दिवाणखान्यांतील संगणकावर घरचीं छायाचित्रें, विम्याचे कागद, मुलांचे निबंध असें सारें सांठविलेलें असतें. आंतल्या खोलींतील लॅपटॉपवरून तें पाहूं गेलें, तर फोल्डरचें नांव दिसतें. पण तो उघडूं जातांच ‘परवानगी नाहीं’ एवढेंच रूक्ष उत्तर मिळतें. यंत्रें आपलीं, मालक आपण. मग मज्जाव कोणाचा? या प्रश्नाचा उलगडा आज करावयाचा आहे. उदाहरणासाठीं मी विंडोजवर चालणारे संगणक घेतों, कारण पुष्कळ घरांतून तेच आढळतात.

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. दुसरा संगणक मुळीं सांपडतच नसेल, तर तो रस्त्याचा प्रश्न होय. यंत्र बंद असेल, किंवा घरच्या वाय-फायला त्यानें ‘पब्लिक’, म्हणजे परक्यांचें जाळें, मानलें असेल. सेटिंग्जमध्यें तें ‘प्रायव्हेट’ करावें आणि फाइल शेअरिंग चालू आहे ना, तें पाहावें. परंतु ‘परवानगी नाहीं’ हें उत्तर आलें, तर रस्ता नीट आहे असें समजावें. आपण दारापर्यंत पोहोंचलों आहों. दार तेवढें उघडत नाहीं.

दारावरचा पहिला प्रश्न ‘आपण कोण?’ हा असतो. दिवाणखान्यांतील यंत्र स्वतःच्या वहींतलींच नांवें ओळखतें. मुलीचें खातें लॅपटॉपवर आहे, म्हणून तें येथेंही आहे असें नव्हे; येथें तें निराळें उघडावें लागतें. त्या खात्याला पासवर्डही हवा. पासवर्ड नसलेलें खातें यंत्रासमोर बसणारास चालतें, पण जाळ्यावरून येणारास विंडोज सहसा नाकारतें. रोजचा अंकी पिनही येथें निरुपयोगी, कारण तो त्या एका यंत्रापुरताच असतो. आणि पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पुढें करीत राहतो. कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून तो काढून टाकावा.

ओळख पटली तरी काम संपलें नाहीं. जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजा ओलांडला, तरी कोठीच्या खोलीला वेगळें कुलूप असे. तसेंच येथेंही आहे. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या, कीं ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ अशीं दोन पानें दिसतात. ‘शेअरिंग’ ही दिंडी. तेथील नियम फक्त जाळ्यावरून येणारांस लागू. ‘सिक्युरिटी’ हें कोठीचें कुलूप. तें एनटीएफएस या सांठवण-पद्धतीचें अंग असून ती पद्धति विंडोज एनटीबरोबर १९९३ सालीं आली. त्याचे नियम यंत्रासमोर बसणारासही लागू पडतात. या दोहोंपैकीं जो नियम अधिक कडक, तोच अखेरीस चालतो. शेअरिंगमध्यें सर्व मोकळीक देऊनही फोल्डर उघडत नाहीं, याचें रहस्य हेंच.

हें कुलूप नकळत कसें बसतें? फोल्डर त्याच ड्राइव्हवर एका जागेहून दुसरीकडे हालविला, तर तो बहुधा जुन्याच परवानग्या बरोबर घेऊन जातो. नक्कल केली, तर ती नव्या जागेच्या परवानग्या स्वीकारते. आपल्या खासगी ‘डॉक्युमेंट्स’मधून उचलून समाईक जागीं ठेवलेला फोल्डर इतरांस न उघडण्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

अशा वेळीं मनुष्य त्रासून काय करतो, तें मीं स्वतः करून पाहिलें आहे. मीं दोन्ही पानांवर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्वांना, ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकला. फोल्डर उघडला आणि मला मोठी धन्यता वाटली. त्यांत माझ्या मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्यांचीं मुद्रणें होतीं. कांहीं दिवसांनीं पाहुण्यांचा एक लहान मुलगा लॅपटॉपवर खेळत असतां तो फोल्डर पुसून बसला. जाळ्यावरून पुसलेली फाइल ‘रीसायकल बिन’मध्यें जात नाहीं, ती नाहींशीच होते. बाहेरच्या डिस्कवर नक्कल होती म्हणून नऊ ओव्या परत मिळाल्या; तीन कायमच्या गेल्या. अपराध त्या मुलाचा नव्हे, माझा होता.

तेव्हां क्रम असा ठेवावा. घरांतील प्रत्येकाचें पासवर्डसह खातें दिवाणखान्यांतील यंत्रावर उघडावें. ज्याला केवळ पाहावयाचें आहे त्यास दोन्ही पानांवर ‘रीड’ द्यावें. ज्याला लिहावयाचें आहे त्यास शेअरिंगमध्यें ‘चेंज’ आणि सिक्युरिटीमध्यें ‘मॉडिफाय’ द्यावें. ‘डिनाय’, म्हणजे मनाईची खूण, होतां होईल तों करूं नये. एकाच पानावर मनाई व मुभा दोन्ही असल्यास सामान्यतः मनाईच जिंकते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि लगेच दुसऱ्या यंत्रावरून उघडून पाहावें.

जुनें उपकरण जोडण्यासाठीं एसएमबी या भाषेची पहिली आवृत्ति पुन्हां चालू करावी, असाही सल्ला कोणी देतात. तो मानूं नये. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यांतील छिद्रांतूनच जगभर पसरला होता.

नकार देणारें यंत्र आपलें वैरी नसतें. तें कोणत्या दारावर अडवितें तें आधीं शोधावें, आणि तेवढेंच दार, ज्याला हवें त्याच्यापुरतें, उघडावें. सगळीं दारें सताड उघडणें ही दुरुस्ती नव्हे; त्या तीन ओव्यांनीं मला हें शिकविलें.