पाठ दाखवावी की पाठ राखावी?

मोठ्या कामाला हात घालण्यापूर्वी कंबर कसावी, असे मराठी भाषा सांगते. परंतु कसावयाची ती कंबरच ऐन वेळी धरली तर काय करावे, हे मात्र कोणत्याही म्हणीत सांगितलेले नाही. वर्षभर पहाटे उठून पोहण्याचा, सायकलीचा आणि धावण्याचा सराव केलेला एखादा स्पर्धक शर्यतीच्या दोन दिवस आधी सायकलीची जड पेटी गाडीतून उतरवावयास वाकतो आणि पाठीत लखकन चमक भरते. सरळ उभे राहणे कठीण होते, खाली ठेवलेली चप्पल पायात घालणे हीसुद्धा एक मोहीम होऊन बसते. घरची मंडळी प्रोत्साहन द्यावयास आलेली असतात, रजा खर्ची पडलेली असते, प्रवेशशुल्क भरलेले असते. अशा वेळी शर्यतीत उतरावे काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्यात शरीराचे शास्त्र आहे आणि मनाची परीक्षाही आहे.

ट्रायथलॉन म्हणजे एकाच दिवशी, मध्ये विश्रांती न घेता, पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन प्रकारांची ओळीने होणारी शर्यत. हा खेळ तसा तरुणच आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी या नावाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा ४६ जणांनी भाग घेतला होता. १९७८ साली हवाई बेटांवर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी अतिदीर्घ शर्यत योजण्यात आली. त्या वेळी १५ जण निघाले आणि १२ जण पोहोचले. ‘आयर्नमॅन’ हे नाव तेव्हापासून प्रसिद्ध झाले. पुढे २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १.५, ४० आणि १० किलोमीटर अंतरांच्या ट्रायथलॉनला स्थान मिळाले. गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी अर्ध्या अंतराची, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी स्पर्धा प्रथम भरली. मराठी घरांतील डॉक्टर, शिक्षक, व्यापारी आणि गृहिणी यांच्याही तोंडी हा शब्द आता रुळला आहे.

या शर्यतीत पाठीची स्थिती मोठी विलक्षण असते. कमरेच्या भागातील पाच मणके शरीराच्या वरच्या भागाचा भार पेलतात. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट, लवचिक गादी असते आणि भोवताली स्नायूंचे व बंधांचे वेष्टन असते. पोहताना मनुष्य पालथा असतो. पाय मारताना कंबर किंचित आत वळते, आणि समुद्रात दिशा पाहण्यासाठी डोके वर काढावे लागते तेव्हा तो बाक आणखी वाढतो. पाण्यातून निघून सायकलीवर बसल्यावर नेमके उलटे घडते. वारा अंगावर कमी घ्यावा म्हणून स्पर्धक पुढच्या दांड्यांवर कोपरे टेकतो आणि तीन तीन तास धनुष्यासारखा वाकून राहतो. मग सायकल ठेवून तो धावू लागतो. आता पाठ ताठ हवी. आणि प्रत्येक पाऊल टेकताना शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक जोर जमिनीकडून परत येतो. २१ किलोमीटरांत अशी सुमारे २०,००० पावले पडतात. आत वळणे, बाहेर वाकणे आणि आघात झेलणे ही तिन्ही कामे एकाच कमरेने एकाच दिवशी करावयाची असतात. म्हणूनच पाय भक्कम असलेल्या स्पर्धकालाही पाठ थांबवू शकते.

दुखापत नेमकी शेवटच्या क्षणीच का व्हावी? याला दैवाची चेष्टा म्हणण्याची प्रथा आहे. पण कारणे बरीच साधी असतात. शर्यतीपूर्वीच्या आठवड्यात सराव कमी केला जातो. नेहमी हालचालीत असणारे शरीर मग आगगाडीत किंवा विमानात तासन्‌तास एका जागी बसते. परक्या बिछान्यावर धड झोप लागत नाही. मनावर ताण असतो, आणि ताणलेले मन स्नायूही ताणून धरते. अशा आखडलेल्या पाठीने पेटी उचलावयास गेले की लहानशा निमित्तानेही उसण भरते.

यात आणखी एक बारकावा आहे. मणक्यांमधील गाद्या रात्री आडवे झाल्यावर पाणी शोषून फुगतात. सकाळी मनुष्य रात्रीपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो, तो याचमुळे. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक पडतो, म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पाठ अधिक अवघडलेली आणि अधिक नाजूक असते. ट्रायथलॉन तर सकाळीच सुरू होते. तेव्हा ज्याची पाठ दुखरी आहे त्याने त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उठावे, तासभर चालते-फिरते राहावे आणि बुटाची नाडी बांधावयाची ती पाय उंचावर ठेवून बांधावी, यात मोठा अर्थ आहे.

उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला बोलावण्याची जुनी रीत आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा समज खेड्यापाड्यांतून आजही आढळतो. या समजाला टिकून राहावयास एक कारण आहे. पाठीची साधी उसण बहुधा आपोआपच उतरते. काहींना दोन-चार दिवसांत आराम पडतो, बहुतेकांना काही आठवड्यांत. मग पाय लावणाऱ्याला, लेप देणाऱ्याला किंवा चोळणाऱ्याला त्याचे श्रेय मिळते. अशा दुखण्यात कोणताही मणका निसटलेला नसतो किंवा काही मोडलेलेही नसते. स्नायू धोक्याच्या जाणिवेने आखडून घेतात आणि वेदनेची तीव्रता प्रत्यक्ष इजेच्या मानाने पुष्कळच मोठी असते.

या बाबतीत चित्रणयंत्रेही फसवू शकतात. ज्यांना पाठदुखीचा लवलेश नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील सुमारे ९६ टक्के निरोगी माणसांच्या गाद्यांमध्ये झीज दिसून आली. अर्थात, चित्रात झीज दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडले, असे मानता येत नाही. पूर्वी अशा रोग्याला फळीवर निजवून ठेवीत. आता वैद्यकाचा सल्ला उलट आहे: सोसेल तितके हिंडाफिरावे, ऊबदार शेक घ्यावा आणि अंथरूण शक्य तितक्या लवकर सोडावे.

तथापि प्रत्येक पाठदुखी साधी नसते. हे ओळखता येणे हाच सगळ्या प्रश्नाचा कणा आहे. गादीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडला तर कळ नितंबातून मांडीमागे, पोटरीत, कधी पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदाने याला गृध्रसी म्हटले आहे आणि आज सर्वत्र सायटिका हे नाव चालते. कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, टाचेवर किंवा चवड्यावर उभे राहताना एक पाय दुबळा वाटत असेल, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय शर्यतीचे नाव काढू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या भागाची संवेदना हरपणे ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. तेथे काही तासांच्या विलंबानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते. पाठदुखीबरोबर ताप असणे, किंवा पडून अथवा अपघात होऊन दुखणे सुरू होणे, ही लक्षणेही तशीच गंभीर समजावीत.

ही लक्षणे नाहीत, दुखणे कमरेपुरते आहे आणि दिवसागणिक कमी होत आहे, असे असेल तर दार बंद झालेले नसते. आदल्या दिवशी तिन्ही प्रकारांची छोटी परीक्षा घेता येते: थोडे पोहून पाहावे, अर्धा तास सायकल चालवावी, काही मिनिटे हळू धावावे. हालचालीने पाठ मोकळी होत गेली तर ते चिन्ह चांगले. उलट प्रत्येक मिनिटाला दुखणे वाढत गेले, किंवा धावण्याची ढबच बदलून मनुष्य एका बाजूला कलू लागला, तर निकाल तेथेच लागला असे समजावे.

उतरावयाचे ठरले तर शर्यतीची रीत बदलावी लागते. पाण्यात पाय हलके मारावेत आणि डोके गरजेपुरतेच वर काढावे. समुद्रात पाठ आखडली तर जीवरक्षकाची होडी किंवा तरंगता खुणेचा गोळा धरून विसावा घेण्यास नियमांची मुभा असते. मात्र त्यांच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. सायकलीवर कोपरे टेकून राहण्याचा हट्ट सोडून हॅंडल वरून धरावे, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवावेत आणि अधूनमधून पॅडलवर उभे राहून कंबर सरळ करावी. धावताना पावले लहान टाकावीत आणि ठरावीक अंतराने चालावे. यात वेळ जाईल हे खरे. परंतु त्या दिवशी घड्याळाशी स्पर्धा नसतेच.

वेदनाशामक गोळ्यांविषयी मात्र सावध राहणे अगत्याचे आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या खिशात ठेवून धावण्याची सवय पुष्कळांना जडली आहे. दीर्घ श्रमात घाम जाऊन शरीर आधीच कोरडे पडते आणि मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते. ही औषधे ते आणखी कमी करतात. रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरण्याचा धोकाही त्यांनी वाढतो. शिवाय वेदना ही पहारेकऱ्याची हाक आहे. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबल्याने चोर पळून जात नाही.

या सर्व विचाराला एका मोठ्या खेळाडूच्या तीन वर्षांत जिवंत उदाहरण सापडते. जर्मनीचा यान फ्रोडेनो हा २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून पुढे हवाईच्या शर्यतीकडे वळला आणि २०१५ व २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे तेथे अजिंक्य ठरला. २०१७ साली तिसऱ्या विजयाची अपेक्षा असताना धावण्याच्या टप्प्यात त्याची पाठ धरली. तो थांबला, वाकला, पाठ ताणून पाहिली आणि चालू लागला. जगज्जेत्याने तेथेच शर्यत सोडली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्याने चालत-धावत सुमारे चार तासांत उरलेले अंतर पुरे केले. ९ तास १५ मिनिटांनी तो ३५ वा आला. विजेता पॅट्रिक लांगे त्याच्या सव्वा तास आधीच पोहोचला होता.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या अंतराचे जागतिक अजिंक्यपद त्याने जिंकले आणि हवाईत तोच पुन्हा पहिला येणार असे बोलले जाऊ लागले. तेवढ्यात कटिभागातील हाडाला ताणामुळे चीर गेल्याचे निष्पन्न झाले. या खेपेस तो शर्यतीत उतरला नाही. २०१९ साली मात्र तो परतला आणि ७ तास ५१ मिनिटे १३ सेकंदांत, तेव्हाचा विक्रम मोडून, तिसऱ्यांदा विजयी झाला.

एकाच मनुष्याने एकदा शर्यत पुरी केली आणि एकदा सोडून दिली. दोन्ही वेळी त्याचे धैर्य तितकेच होते. फरक दुखापतीत होता. आखडलेली पाठ वेदना देते, पण सांभाळून नेली तर पुढे चालू देते. चीर गेलेल्या हाडावर हजारो आघात केले तर ते हाड मोडते आणि त्याबरोबर पुढची वर्षेही मोडतात. पहिल्या दुखण्याशी बोलणी करता येतात, दुसऱ्याशी करता येत नाहीत.

रणातून पाठ दाखवू नये, ही शिकवण मराठी मनात खोल रुजलेली आहे. म्हणूनच किनाऱ्यावर इतर स्पर्धक पाण्यात शिरत असताना कोरड्या अंगाने उभे राहणे हे कित्येकांना शर्यतीपेक्षाही कठीण जाते. परंतु किल्ला राखण्यासाठी माघार घेणारा सेनापती पळपुटा ठरत नाही, हेही याच मातीने शिकविले आहे. शर्यत पुढील वर्षी पुन्हा भरते, समुद्र तेथेच असतो, रस्ताही तोच असतो. पाठ मात्र एकच मिळालेली असते, आणि तिच्यावर शर्यतीखेरीज संसाराचाही भार वाहून न्यावयाचा असतो.