सलाईन की ओआरएसची पुडी?

परंड्याचा उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, ताकद येईल.’ गेल्या उन्हाळ्यात आम्हीही तेच म्हणालो. खालाअम्मींना जुलाब लागले होते. त्या बोलत होत्या, पाणी पीत होत्या. तरी आमचा हट्ट सलाईनचाच. डॉक्टरांनी ओआरएसच्या पुड्या दिल्या. आम्ही नाराज होऊन परतलो. संध्याकाळी खालाअम्मी उठून बसल्या, तेव्हा आमचे डोळे उघडले.

साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. त्यात ताकदीचे औषध नसते. उलट हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला विनाकारण सलाईन दिले तर फुप्फुसात पाणी साचून दम लागू शकतो.

जुलाबात पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम हे क्षारही जातात. नुसत्या पाण्याने ते भरून येत नाहीत. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन रक्तात शिरते आणि पाणी त्यांच्यामागे जाते. ओआरएस याच तत्त्वावर चालते.

१९७१ साली पश्चिम बंगालच्या बनगावात बांगलादेशी निर्वासितांमध्ये पटकी पसरली. सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोजचे पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी आणि २४ तासांत संपवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. घोटघोट पाजावे. तान्ह्या बाळाचे दूध बंद करू नये. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. रमजानमध्ये असा आजार आला तर रोजा नंतर कजा करण्याची सवलत आहे. जीव धोक्यात घालू नये.

मात्र उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल, डोळे खोल गेले असतील, रुग्ण सुस्त पडला असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तिथे सलाईन खरोखर जीव वाचवते. ते कधी लावायचे, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.