गुळवेल: ओळखून घ्या, बेताने घ्या

पेणहून नागोठण्याकडे जाताना कासूच्या आसपास कुंपणावर, आंब्यावर चढलेली गुळवेल सहज दिसते. हृदयाच्या आकाराचं पान, खाली लोंबणारी दोऱ्यासारखी मुळं. खोडाची कागदासारखी साल नखाने खरवडली की आत हिरवंगार. औषधात वापरतात ते मुख्यतः हे खोडच. चव कडूजहर.

करोनाच्या काळात तिचा भाव वधारला. शहापूरच्या कातकरी तरुणांनी सरकारी योजनेतल्या वनधन केंद्रातून तिचा व्यापार उभा केला, मोठ्या कंपन्यांना माल दिला. हे चांगलंच झालं. पण प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून घरोघरी लोक महिनोन्‌महिने तिचा काढा पीत राहिले, ते मात्र बरं नव्हे. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले. त्यांतल्या काहींना आधीपासूनच स्वप्रतिकार विकार होते. ही इजा गुळवेलीमुळे झाली हा डॉक्टरांचा निष्कर्ष आयुष मंत्रालयाने नाकारला, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. वाद काहीही असो, प्रतिकारशक्ती म्हणजे नुसती वाढवत न्यायची गोष्ट नाही. आमवातासारख्या स्वप्रतिकार विकारांत तीच अंगावर उलटलेली असते.

गुळवेलीने संसर्ग टळतो याचा भक्कम पुरावा नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. गरोदर बायकांनी, यकृताच्या रुग्णांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. काढा पिताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर तो लगेच बंद करा आणि डॉक्टरांना गाठा; काय पीत होता तेही सांगा.